एक मीटर १२ वॅट म्हणतो, दुसरा ८, स्कोप साडेसात: मग खरी पॉवर किती?

प्रश्न नाशिकच्या एका नव्या व्हीयू३ चा (म्हणजे नव्या हॅम रेडिओवाल्याचा) आहे, थोडक्यात असा: यूबिटएक्स या छोट्या ट्रान्समीटर-रिसीव्हरचं किट जोडलं, ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) सीडब्ल्यूमध्ये, म्हणजे मोर्समध्ये, मोर्सची की दाबून धरली की त्यांचा दोन काट्यांचा मीटर १२ वॅट दाखवतो. मित्राच्या शॅकवर (रेडिओच्या खोलीत) नेलं तर त्याच्या मीटरवर ८. कॉलेजच्या लॅबमधला २० मेगाहर्ट्झचा स्कोप (ऑसिलोस्कोप) डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर, लावला तर ५५ व्होल्ट पीक टू पीक, म्हणजे हिशोबाने साडेसात. आणि १० मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झ) त्याच स्कोपने जेमतेम एक वॅट दाखवली. "यातला खरा कोणता आणि चांगला मीटर कोणता घेऊ?"

ओएम (मित्रा), मीटर आत्ताच घेऊ नका. तिसरा मीटर आणलात तर तो १० वॅट दाखवेल आणि मग तुम्ही चौथा शोधाल, हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतोय. माझ्या कपाटात आज पाच मीटर आहेत आणि पाचांचं एकमत फक्त शून्यावर होतं, ते पण एकाचं काटा अडकल्यामुळे.

तुमचा खरा प्रश्न "कोणता मीटर खरा" हा नाहीये. खरा प्रश्न असा की घरबसल्या ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल असं एक माप माझ्याकडे आहे का, म्हणजे बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघता येतील. आणि असं माप तुमच्याकडे आहे, ते म्हणजे तुमचा साधा डिजिटल मल्टिमीटर. डीसी व्होल्टेज तो एक टक्क्याच्या आत सांगतो, साधा असला तरी. आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचं एसी, मात्र त्याला कळत नाही. तर सगळी कसरत एवढीच की आरएफचा प्रश्न डीसीच्या प्रश्नात कसा बदलायचा. ते खाली सांगतो, पण आधी तुमचे तीन आकडे तीन का आले ते बघू, कारण तिन्ही आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

त्याआधी एक प्रमाण डोक्यात ठेवा. १२ आणि ८ मधला फरक डेसिबलमध्ये पावणेदोन डीबी होतो. रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरचं एक घर म्हणजे ६ डीबी. म्हणजे तुम्ही १२ वॅट टाकताय की ८ हे पलीकडच्या माणसाला कानाने कळणं कठीण, बँडवरचं फेडिंगच याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे नुसतं "क्यूएसओ (संपर्क) होतोय का" एवढंच असेल तर हा प्रश्न इथेच सोडा आणि अँटेना दोन मीटर वर चढवा. पण फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) नीट काम करतायत का, त्यांचा बायस बदलल्यावर फरक पडला का, लायसन्सच्या मर्यादेत आहोत का, किंवा क्यूआरपीच्या (कमी पॉवरच्या) ५ वॅटमध्ये खरंच बसतोय का, हे बघायचं असेल तर मग नीट मोजायला हवं, आणि तुम्हाला ते करायचंय असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय.

आता तुमचा १२ वॅटवाला मीटर. तुम्ही लिहिलंय की त्याला २० आणि २०० अशा दोन रेंज आहेत, पण वाचन कुठल्या रेंजवर घेतलं ते लिहिलं नाहीये, आणि गोम तिथेच असू शकते. या मीटरची अचूकता फुल स्केलच्या टक्क्यात दिलेली असते, वाचनाच्या टक्क्यात नाही. समजा १० टक्के फुल स्केल. २० च्या रेंजवर ते झाले अधिक-उणे २ वॅट, म्हणजे १२ दाखवतोय तेव्हा खरं १० पण असू शकतं. पण २०० च्या रेंजवर तेच होतं अधिक-उणे २० वॅट. म्हणजे १२ वॅटचं वाचन शून्यापासून ३२ पर्यंत काहीही, त्याला मोजमाप म्हणणंच चूक. आणि हे फक्त स्वस्त मीटरचं दुखणं नाहीये, बर्ड ४३ सारखा नावाजलेला वॅटमीटर घ्या, त्यातही ५ टक्के फुल स्केलच आहे, १०० वॅटचा स्लग (रेंज ठरवणारा, बदलता येणारा तुकडा) टाकून २० वॅट वाचलीत तर ५ वॅटची चूक कंपनीने कागदावरच कबूल केलेली आहे. म्हणून बर्ड वापरणारे लोक स्लगची पेटी घेऊन फिरतात, वाचन स्केलच्या वरच्या भागात यावं म्हणून.

दुसरं म्हणजे हा मीटर आत काय करतो. एका टोरॉइडमधून लाइनवरचा थोडा नमुना घेतो, डायोडने डीसी करतो आणि काट्याला देतो. स्केल छापताना कारखान्याने ५० ओहमचा लोड, बऱ्यापैकी मोठी पॉवर आणि एखादी ठराविक फ्रिक्वेन्सी धरलेली असते. तुम्ही या तिन्हीपासून जेवढे लांब जाल तेवढं स्केल खोटं बोलतं. तुम्ही डमी लोडवर मोजलंत ते छान केलंत. अँटेनावर मोजलं असतंत तर अजून एक गोंधळ झाला असता, कारण एसडब्ल्यूआर (लोड लाइनशी किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) २ असेल तर ११ टक्के पॉवर परत येते, ३ असेल तर २५ टक्के, आणि फॉरवर्ड काटा ती परत आलेली धरूनच वाचतो. तिथे फॉरवर्डमधून रिफ्लेक्टेड वजा करावी लागते, आणि दोन्ही वाचनं चुकीची असतील तर वजाबाकी कशी बरोबर येणार!

मित्राच्या ८ वॅटबद्दल माझी शंका वेगळीच आहे. त्याच्या घरी सप्लाय कोणता होता? तुमच्याकडे १३.८ आणि त्याच्याकडे बॅटरीवर १२.३ असेल, तर आउटपुट साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतं, म्हणजे तिथेच २० टक्के गेले, मीटरचा काही दोष नाही. हे तपासायची साधी पद्धत अशी की दोन्ही मीटर एकाच वेळी लाइनमध्ये एकामागे एक लावा, छोटी पॅच कॉर्ड मध्ये, शेवटी डमी लोड. वाचन घ्या, मग मीटरची जागा अदलाबदल करून परत घ्या. आता दोघं एकच पॉवर बघतायत, जो फरक उरेल तो मीटरचा. आणि की दाबलेली असताना सप्लायचं व्होल्टेज रिगच्या मागच्या सॉकेटवर मोजा, सप्लायच्या डिस्प्लेवर नाही, बारीक वायर असेल तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो.

स्कोपची गोष्ट जास्त मजेशीर आहे. हिशोब तुम्ही बरोबर केलाय, पीक टू पीकचा वर्ग भागिले ४००, पन्नास ओहमसाठी. ५५ चा वर्ग ३०२५, म्हणजे ७.५६. पण २० मेगाहर्ट्झचा स्कोप याचा अर्थ २० पर्यंत सगळं बरोबर दाखवतो असा नाही, २० ला तो ३ डीबी कमी दाखवतो असा आहे. तिथे व्होल्टेज ७० टक्के दिसतं आणि पॉवर बरोब्बर अर्धी. आणि हा उतार २० च्या बराच आधीपासून सुरू होतो. साध्या हिशोबाने ७ मेगाहर्ट्झला व्होल्टेज ९४ टक्के दिसतं, १४ ला ८२ टक्के. म्हणजे तुमचे ५५ भागिले ०.९४ केले की साडेअठ्ठावन्न होतात आणि पॉवर निघते साडेआठ वॅट. प्रत्येक स्कोपचा उतार अगदी असाच नसतो म्हणून यावर पैज लावू नका, पण दिशा हीच. मी नियम असा ठेवलाय की मोजायच्या फ्रिक्वेन्सीच्या निदान पाचपट बँडविड्थ हवी.

प्रोबचं पण बघा. एक्स १ वर ठेवला असेल तर त्याची बँडविड्थ बहुतेक वेळा ६ मेगाहर्ट्झच्या आसपासच संपते, तेव्हा एक्स १० वरच ठेवा. त्याचा ट्रिमर स्कोपच्या चौकोनी वेव्हवर आधी जुळवून घ्या आणि ग्राउंडची ती लांब मगर-क्लिपवाली वायर काढून लोडच्या कनेक्टरला अगदी लागून ग्राउंड द्या. शिवाय प्रोबवर ३००-६०० व्होल्ट लिहिलेलं असतं ते डीसीला, आरएफला ती मर्यादा फ्रिक्वेन्सीबरोबर झपाट्याने खाली येते. १० वॅटला अडचण नाही, पण उद्या १०० वॅटवर लावाल, जिथे पीक टू पीक २०० व्होल्ट असतात, तर त्या प्रोबचा कागद आधी वाचा.

आता मुद्द्याचं, डीसीवर कसं आणायचं.

पन्नास ओहमच्या रेझिस्टरला काय फरक पडतो हो, त्यात आरएफ जातंय का डीसी? तो फक्त तापतो. ५ वॅट आरएफने जेवढा तापेल तेवढाच ५ वॅट डीसीने तापेल. मग आधी आरएफ देऊन किती तापतो ते बघायचं, मग तो गार होऊ द्यायचा, आणि बेंच सप्लायने डीसी देऊन तेवढाच तापवायचा. डीसीचं व्होल्टेज मल्टिमीटर सांगतो, रेझिस्टन्स मल्टिमीटर सांगतो, वर्ग भागिले रेझिस्टन्स, झाली तुमची आरएफ पॉवर. यात डायोड नाही, स्केल नाही, बँडविड्थ नाही. ०-३० व्होल्टचा नेहमीचा बेंच सप्लाय असेल तर ३० चा वर्ग भागिले ५०, म्हणजे १८ वॅटपर्यंत असं मोजता येतं, तुमच्या सेटला भरपूर झालं.

मी हे माझ्या एका आयआरएफ ५१० (पॉवर ट्रान्झिस्टर) वाल्या ४० मीटरच्या घरी बनवलेल्या ट्रान्समीटरवर केलं होतं ते सविस्तर सांगतो. फ्लॅंजवाला ५० ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर घेतला, अॅल्युमिनियमच्या छोट्या हीटसिंकवर पेस्ट लावून बसवला, हीटसिंक मुद्दाम छोटा म्हणजे तापमान लवकर चढेल. मल्टिमीटरबरोबर येणारा तो पिवळ्या प्लगचा थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) हीटसिंकला क्लिपने दाबून धरला. सगळं थर्मोकोलच्या खोक्यात ठेवलं आणि पंखा बंद, कारण पहिल्यांदा पंखा चालू होता आणि तीन वाचनं तीन प्रकारची आली, मला वाटलं पद्धतच चुकीची आहे. रेझिस्टर मल्टिमीटरवर ५०.८ दाखवत होता पण मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.५ येत होते, ते वजा करून ५०.३. नॅनोव्हीएनएवर (अँटेना आणि लोड तपासायच्या छोट्या यंत्रावर) एसडब्ल्यूआर ७ मेगाहर्ट्झला १.०५ च्या आत, म्हणजे आरएफलाही तो रेझिस्टर ५० च आहे.

मग की दाबून बरोब्बर ३ मिनिटं. तापमान स्थिर होईपर्यंत थांबलो नाही, तेवढ्या वेळात फायनलच शिजला असता. ३ मिनिटांत १४.२ अंश चढलं. पाऊण तास गार होऊ दिलं, मग १५ व्होल्ट डीसी, ३ मिनिटं, १३.८ अंश. परत गार. १५.२ व्होल्ट, १४.१ अंश. इथे थांबलो. १५.२ चा वर्ग भागिले ५०.३, ४.६ वॅट. आणि माझा मीटर त्या वेळी ठामपणे ६ सांगत होता! म्हणजे ३० टक्के जास्त. दोन वर्षं मी लोकांना "६ वॅटवर आहे" सांगत होतो.

अख्खा रविवार गेला, बायकोने दोनदा विचारलं की खोक्यात काय उबवताय. पण हा रविवार एकदाच घालवायचा असतो, कारण त्याच वेळी तुम्ही त्याच लोडवर एक डायोड डिटेक्टर लावून ठेवायचा. लोडच्या गरम टोकाला (म्हणजे ग्राउंड नसलेल्या) एक १एन४१४८ डायोड, त्याच्या पुढे १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर ग्राउंडला, आणि कॅपॅसिटरवर मल्टिमीटर डीसीत. हा आरएफचं पीक व्होल्टेज धरून ठेवतो. माझ्याकडे त्या ३ मिनिटांत हा २१.१ दाखवत होता. त्यात डायोडचा ड्रॉप मिळवायचा. पुस्तकात ०.६ किंवा ०.७ लिहितात पण इथे मल्टिमीटर १० मेगाओहमचा, करंट मायक्रोअँपमध्ये, त्यामुळे ड्रॉप कमी असतो, मी ०.४ धरतो. २१.५ चा वर्ग भागिले रेझिस्टन्सची दुप्पट, म्हणजे १००.६, उत्तर ४.६. उष्णतेशी जुळलं. हे जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो पहिल्या डीएक्सला (दूरदेशीच्या संपर्काला) पण झाला नव्हता. आता खोकं-बिकं नको, डिटेक्टर लावला की दोन सेकंदात पॉवर.

या डिटेक्टरच्या दोन मर्यादा मात्र पाळा. एक, डायोडवर उलटं व्होल्टेज पीकच्या दुप्पट पडतं. १० वॅटला ६३ व्होल्ट, १एन४१४८ सहन करतो. ५० वॅटला १४१, तिथे तो जाईल, मग दोन रेझिस्टरने व्होल्टेज अर्धं किंवा दशांश करून घ्यावं लागतं. दुसरं, पॉवर कमी झाली की तो ०.४ व्होल्टच राक्षस होतो. ५ वॅटला तो विसरलात तर तीन-चार टक्क्यांची चूक, अर्ध्या वॅटला ११ टक्के, आणि ५० मिलिवॅटला एक तृतीयांश पॉवर गायब. आणि की दाबल्यावर मल्टिमीटरचे आकडे वेड्यासारखे नाचले तर आरएफ त्याच्या वायरीतून आत शिरतंय, वायरी पिळून एका फेराइटमधून चार वेढे घ्या.

हार्मोनिक्सबद्दल (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरींबद्दल) पण सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. लो पास फिल्टर नीट नसेल आणि दुसरा हार्मोनिक फक्त २० डीबी खाली असेल, तर त्यात पॉवर जेमतेम १ टक्का असते पण व्होल्टेज १० टक्के असतं. ते मूळ वेव्हच्या शेंड्यावर कसं बसतं त्यावर पीक डिटेक्टर २० टक्के जास्त किंवा कमी पॉवर दाखवू शकतो. उष्णतेची पद्धत तेव्हा १ टक्काच चुकते. दोन्ही पद्धतींत मोठी तफावत आली तर मीटरला नंतर शिव्या द्या, फिल्टर आधी बघा.

एसएसबीचं, म्हणजे माइकवर बोलायच्या मोडचं, वेगळं प्रकरण आहे. "हॅलो टेस्ट वन टू थ्री" म्हणताना काटा २-३ वॅटवर नाचतो आणि लोक घाबरतात की पॉवर कुठे गेली. साधा काटा सरासरी दाखवतो आणि तो जडही असतो, आवाजाचे शेंडे त्याला पकडता येत नाहीत. रिगचे आकडे पीईपीमध्ये, म्हणजे शेंड्यावरच्या पॉवरमध्ये, असतात. सीडब्ल्यूमध्ये की दाबून धरली की सरासरी आणि पीईपी एकच, म्हणून मोजायचं ते सीडब्ल्यूवरच. एसएसबीवरच बघायचं असेल तर माइकमध्ये एका सुरात शिट्टी मारा, साधारण एकच टोन जातो आणि काटा पीईपीच्या जवळ जातो, दोन-तीन सेकंदांच्या वर मारू नका. दोन टोनच्या टेस्टमध्ये सरासरी पीईपीच्या निम्मी येते, हेही लक्षात असू द्या नाहीतर अजून एक प्रश्न तयार होईल.

तुमच्या १२ वॅटला अजून एक झटपट चाळणी लावा. की दाबल्यावर रिग किती करंट घेतो आणि की सोडल्यावर किती, हा फरक ढोबळमानाने फायनल्स आणि ड्रायव्हरचा. तो गुणिले व्होल्टेज म्हणजे आत जाणारी पॉवर. क्लास बी (फायनल्स चालवायची एक पद्धत) ची कागदावरची कमाल कार्यक्षमता साडेअठ्ठ्याहत्तर टक्के, प्रत्यक्षात लिनिअर स्टेजकडून ५० च्या आसपास मिळाली तरी खूश व्हायचं. समजा आत १७ वॅट जातायत, तर १२ बाहेर येणं म्हणजे ७० टक्के, मला ते पचत नाही, साडेआठ पचतं. तुमचा करंट किती येतो ते लिहा.

डमी लोड कशाचा केलाय तेही लिहा. नवीन मंडळी ते पांढरे सिमेंटचे रेझिस्टर लावतात, मीही लावला होता कॉलेजात असताना. मल्टिमीटरवर व्यवस्थित ५० ओहम, पण आत तारेची गुंडाळी. एकच मायक्रोहेन्री धरली तरी १४ मेगाहर्ट्झला ८८ ओहमचा रिअॅक्टन्स (गुंडाळीमुळे आरएफला होणारा जास्तीचा अडथळा) होतो, मग ५० ओहम कुठले राहिले. तो लोड राहिला गार आणि फायनल ट्रान्झिस्टरचा वास आला. कार्बन किंवा मेटल फिल्मचे १ किलोओहम २ वॅटचे वीस नग पॅरलल केले की ५० ओहम ४० वॅटचा छान लोड होतो, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं.

राहता राहिलं १० मीटर. २८ मेगाहर्ट्झला तुमचा स्कोप पॉवरचा साधारण तिसरा हिस्साच दाखवणार, तेव्हा तो एक वॅट प्रत्यक्षात ३ च्या आसपास असावा. वरच्या बँडला आउटपुट पडणं हे यूबिटएक्समध्ये नेहमीचंच आहे, अॅम्प्लिफायरच्या स्टेजचा गेन फ्रिक्वेन्सीबरोबर कमी होत जातो, तुम्ही काही चुकीचं सोल्डर केलंय असं समजू नका. डिटेक्टर लावून प्रत्येक बँडचं वाचन घ्या, सप्लाय व्होल्टेज शेजारी लिहा, आणि तो तक्ता इथे टाका, मग १० मीटरचं काय करायचं ते बघू. ७३ (शुभेच्छा).